खडतर जागा आणि वाईट जागा

पाहिलेल्या ठिकाणांत सर्वांत चांगले कोणते आणि सर्वांत वाईट कोणते, असे विचारले की माणसे दोन निरनिराळ्या गोष्टी मोजून उत्तर देतात. काही जण जागा मोजतात: तिची उंची, पाऊस, दगड, झाडे, तिथे कोणी काय उभारले ते. काही जण तिथे घालवलेला दिवस मोजतात: गाडी कुठवर गेली, रांग किती होती, जेवण मिळाले का, परतताना कोण कोणावर चिडले. पहिल्या मापाने महाबळेश्वर कायमच चांगले. दुसऱ्या मापाने ते मे महिन्यातल्या शनिवारी, वाहनतळ भरलेला असताना, बऱ्यापैकी वाईट. दोन्ही मापे रोज वापरली जातात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पुढील संवादात पहिली बाजू भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेची आहे. दुसरी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याची, जो आता लहान-मोठे गट घेऊन सहली काढतो. शाळेच्या सवयीने तो त्यांना अजून ‘बाई’ म्हणतो आणि त्या त्याला अरे-तुरे करतात. दोघांचा प्रदेश मुख्यतः सह्याद्री आणि त्याच्या आसपासचा, म्हणून उदाहरणेही बहुतेक तिथलीच आहेत.

बाई: ठिकाणाला स्वतःचा गुण असतो, हे आधी मान्य कर. दर हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. एप्रिलमध्ये खाली अंगाची लाही होत असताना वर माणूस शाल शोधतो, तो काही मनाचा खेळ नव्हे.

संयोजक: मान्य. पण बाई, तीच उंची जुलैत काय करते? वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धुक्यात पॉइंट दिसत नाहीत, कपडे वाळत नाहीत. वाई तिथून तीसेक किलोमीटरवर, पण तिथे या पावसाचा लहानसा हिस्साच पोचतो. मग चांगले ठिकाण कोणते, महाबळेश्वर की वाई?

बाई: महिना सांग, मग उत्तर देते.

संयोजक: म्हणजे तुम्हीही दिवसच मोजता.

संयोजकाचा हा टोला नेमका असला तरी पुरता बरोबर नाही. ऋतू हा प्रवाशाच्या नशिबाचा भाग नसून जागेचाच भाग आहे, आणि तो आधी माहीत करून घेता येतो. बदलते ती आवड. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींशी करार करून महाबळेश्वरची जागा मिळवली आणि तिथे हवापालटाचे ठाणे वसवले. माल्कम पेठ हे नाव तेव्हाचे. ब्रिटिशांच्या लेखी ही जागा फक्त कोरड्या महिन्यांपुरती चांगली होती. पाऊस जवळ आला की साहेबांचा लवाजमा खाली उतरे आणि गव्हर्नरचे पावसाळी बिऱ्हाड पुण्यात पडे. आज त्याच पावसासाठी लोक घाट चढतात. आंबोली, ताम्हिणी, माळशेज यांची ख्याती तर पावसाळ्याचीच आहे. ढग, चिखल आणि घसरण यांना ‘वाईट’ रकान्यातून काढून ‘चांगल्या’ रकान्यात घालण्याचे काम दोन-तीन पिढ्यांत झाले. डोंगर मात्र तोच राहिला.

बाईंचा पुढचा मुद्दा असा की आवड बदलते याचा अर्थ सगळेच सापेक्ष आहे, असा होत नाही. संयोजकाला तो पटत नाही, आणि त्याच्याकडे महाबळेश्वरचेच दुसरे उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे एक तुरुंग होता. त्यात पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले असत. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली जात. बटाटा आणि विलायती भाज्या पिकवण्यातही त्यांचा मोठा हात होता. साहेबाच्या ताटातली ताजी भाजी आणि फिरायला जायची वाट, दोन्ही त्यांच्या कष्टाची.

संयोजक: एकाच हवेत दोन माणसे श्वास घेतायत. एक प्रकृती सुधारायला आलाय, दुसरा शिक्षा भोगायला. आता ठिकाणाचा स्वतःचा गुण कुठे गेला?

बाई: कुठेही गेला नाही. हवा त्या कैद्यालाही थंडच लागत असणार. त्याला परत जाता येत नव्हते, हा त्याच्या स्थितीचा दोष. तू जागेचे दुःख आणि माणसाचे दुःख एका पोत्यात भरतोस.

हा भेद अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये अधिक स्पष्ट दिसतो. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात शाखा होत्या. एका शाखेच्या कोठड्यांचे तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना होती, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. झरोका जवळजवळ तीन मीटर उंचीवर. शिक्षेत तेलाचा घाणा फिरवणे होते. १९११ मध्ये विनायक दामोदर सावरकर तिथे पोचले तेव्हा त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासूनच तिथे होते. जागा निवडली होती तीच मुळी वाईट म्हणून: चारही बाजूंना समुद्र, मुख्य भूमी शेकडो मैल दूर. १९७९ मध्ये हा तुरुंग राष्ट्रीय स्मारक झाला. आज सातपैकी तीन शाखा उरल्या आहेत. अंदमानला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या कार्यक्रमात पहिला किंवा दुसरा दिवस याच इमारतीचा असतो, आणि परतल्यावर ‘सर्वांत चांगले काय पाहिले’ या प्रश्नाला अनेकांचे उत्तर ही कोठडीच असते, समुद्रकिनारा नव्हे.

संयोजकाच्या मते इथे ‘वाईट’ जागा ‘चांगली’ झाली. बाईंच्या मते जागा बदललीच नाही. ती जशी वाईट होती तशी जपली, म्हणून पाहण्यासारखी आहे. भिंती रंगवून, कोठड्यांत दुकाने घालून ती सुखद केली असती तर ती नक्की बिघडली असती. या ठिकाणी बाईंची बाजू वरचढ आहे. यातूनच त्यांचा मूळ भेद पुढे येतो: खडतर जागा वेगळी आणि वाईट जागा वेगळी. खडतरपणा हा जागेचा स्वभाव. वाईटपणा बहुतेक वेळा नंतर येतो, आणि तो माणसे आणतात.

कासच्या पठारावर हा भेद पायाखाली पाहता येतो. साताऱ्याच्या पश्चिमेचे हे पठार जांभ्या दगडाचे आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठे झाड धरत नाही. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात दगड तापतो, अन्नद्रव्ये कमी. वनस्पतींच्या दृष्टीने ही हलाखीची जागा. आणि म्हणूनच झाडांच्या सावलीत कधीच न टिकलेल्या शेकडो लहान फुलझाडांना ती मिळाली. सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी फुले येणारी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोषण मिळवते, कारण मातीत ते पुरेसे नाही. दवबिंदूची पाने चिकट थेंबांनी कीटक धरतात. टोपली कारवी वर्षानुवर्षे फक्त पाने वाढवते आणि साधारण सात वर्षांनी एकदम फुलते. माती सुपीक असती तर तिथे गवत, झुडपे आणि पुढे रान माजले असते, कास नावाचे काही उरले नसते.

२०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांच्या गटात कासचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि सप्टेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फुलांत आडवे पडून छायाचित्र काढणारे पाहुणे आले. शेवटी दिवसाच्या पर्यटकांची संख्या बांधून द्यावी लागली, आगाऊ नोंदणी सुरू झाली, वाहने पठारापासून दूर थांबवली गेली.

संयोजक: म्हणजे चांगल्या जागेला यादीत घातले की ती बिघडायला लागते. मग याद्या करायच्याच कशाला?

बाई: यादी केली नसती तर तिथे दुसरेच काही उभे राहिले असते. पठारे मोकळी दिसली की पवनचक्क्या, खाणी आणि बंगल्यांचे भूखंड यांची नजर पडते. उघडी जमीन म्हणजे रिकामी जमीन, असे आपल्याकडे समजतात.

गर्दी हा संयोजकाचा विषय आहे, आणि इथे तो बाईंपेक्षा जास्त जाणतो. सर्वसाधारण समज असा की गर्दी झाली की ठिकाण वाईट होते. तो ही समजूत खोडून काढतो, आणि त्यासाठी आषाढी वारीचे उदाहरण देतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. माणसे लाखांत, मुक्काम उघड्यावर, पाऊस हमखास, पाय सुजलेले. सुखसोयींच्या कोणत्याही तक्त्यात हा प्रवास तळाशी जाईल. तरी वारकऱ्याला वर्षातला सर्वांत चांगला काळ विचारला तर तो हाच सांगतो.

बाई: ती श्रद्धा आहे. श्रद्धेपुढे पाय दुखत नाहीत.

संयोजक: श्रद्धा आहेच, पण नुसत्या श्रद्धेवर लाखभर माणसे तळावर उतरत नाहीत, बाई. तिथे व्यवस्था आहे. दिंड्यांना क्रमांक असतात. अमुक दिंडी रथापुढे, अमुक रथामागे, हे ठरलेले. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, स्वयंपाकाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर वेगळा. आणि तक्रार करायचीसुद्धा रीत आहे.

ही रीत सांगण्यासारखी आहे. संध्याकाळी पालखी तळावर आली की समाज आरतीआधी चोपदार दंड उंच करतो आणि टाळ-मृदंग थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, कोणी वाटेत घुसले असेल, काही हरवले असेल, तर ती दिंडी टाळ वाजवणे थांबवत नाही. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातो, म्हणणे ऐकून घेतो, निवाडा करतो, मग टाळ थांबतात आणि आरती होते. पालखी सोहळ्याची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली असे मानले जाते. शिंद्यांच्या पदरी सरदार राहिलेल्या या माणसाने सैन्याच्या चालीचा अनुभव भजनाच्या कामी लावला. लाखोंच्या गर्दीत एका दिंडीचे गाऱ्हाणे ऐकायची सोय आहे, ही गोष्ट अनेक पर्यटनस्थळांना अजून साधलेली नाही.

याच्या उलट टोकाला मांढरदेवी. वाई तालुक्यातल्या डोंगरावरच्या काळूबाईच्या देवळात पौष पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजी तिथे चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे माणसे गेली. देवळाकडे जाणारी वाट अरुंद आणि चढाची होती. दोन्ही बाजूंना दुकाने होती. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. माणसे घसरून पडली, मागून लोंढा येतच राहिला, मग आग लागली आणि दुकानांतल्या गॅसच्या टाक्या फुटल्या. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने पुढे या घटनेची चौकशी केली. डोंगर, देवी, पौर्णिमा, गर्दी यांतले काहीही त्या वर्षी नवे नव्हते. वारीपेक्षा कितीतरी कमी माणसे होती. उतरायची वेगळी वाट, मोकळ्या पायऱ्या आणि वरची माणसे खाली आल्याशिवाय खालची वर सोडायची नाहीत एवढा साधा नियम, या गोष्टी नव्हत्या.

संयोजक: म्हणून कोणी मला सर्वांत वाईट जागा विचारली तर मी जागेचे नाव घेत नाही. जिथे आत जायची वाट आणि बाहेर यायची वाट एकच आहे, ती जागा वाईट.

बाई: आणि भुशी धरण? तिथे तर चहूबाजूंनी वाटा आहेत.

लोणावळ्याजवळच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत मुले होती. धबधब्याच्या मधोमध खडकावर उभे असताना पाणी वाढले. बाईंच्या मते ही जागेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत आहे. सह्याद्रीचा उतार तीव्र, वरचा खडक पाणी शोषत नाही, त्यामुळे वर सर कोसळली की काही मिनिटांत ओढ्याला लोंढा येतो. खाली ऊन असले तरी येतो. हे भूगोलाच्या पुस्तकात आहे, धबधब्याच्या चित्रफितीत नाही. संयोजक म्हणतो, पुस्तक वाचून कोणी भिजायला जात नाही, तिथे शिट्टी वाजवणारा माणूस हवा. दोघेही बरोबर आहेत, पण शिट्टीवाला नेमायचा तर त्याला वर ढग दाटले की काय होते हे शिकवावे लागेल, म्हणजे बाईंचे काम आधी आणि संयोजकाचे नंतर.

ज्या गोष्टीची चर्चा संकोचामुळे कमी होते ती स्वच्छतागृहांची. गटातल्या बायका एखाद्या किल्ल्याला किंवा लेण्याला ‘वाईट’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते, असे संयोजक ठामपणे सांगतो. बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, दुपारी डोके दुखते, आणि तटबंदीचे वर्णन कोणाच्याच कानात शिरत नाही. पुरुषांच्या प्रवासवर्णनांत हा मजकूर सापडत नाही. म्हणूनच पुरुषांच्या ‘सर्वोत्तम’ याद्या आणि बायकांच्या याद्या निराळ्या निघतात. बाई यावर वाद घालत नाहीत. एवढेच म्हणतात की त्यांनी शाळेच्या सहली वर्षानुवर्षे याच हिशेबाने आखल्या, कोणाला न सांगता.

आठवणीचा प्रश्नही आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अनुभवाची आठवण त्याच्या सरासरीवर ठरत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांना वजन मिळते, आणि तो किती वेळ चालला याला फारसे मिळत नाही. सहली काढणाऱ्यांना हे प्रयोगांआधीच ठाऊक असते. शेवटच्या दिवसाचे जेवण चांगले ठेवायचे आणि परतीची गाडी रात्री दोनची घ्यायची नाही, हा धंद्यातला नियम. याचा अर्थ असा की पर्यटकांच्या मतांवरून काढलेल्या क्रमवारीत ठिकाणाइतकाच शेवटचा मुक्काम मोजला जातो. बाईंना ही चलाखी वाटते. ती चलाखी असली तरी लबाडी नव्हे: थकलेल्या माणसाला वेळेवर जेवू घातले तर त्याला कैलास लेणे अधिक चांगले आठवते, यात लेण्याचे नुकसान नाही.

अजिंठ्याच्या बाबतीत मात्र बाई मागे हटत नाहीत. तिथे पाहुण्याचे सुख आणि जागेचे हित उघडपणे परस्परविरुद्ध आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि त्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःचे नाव व तारीख कोरली. आज ते नाव माणसाच्या डोक्यापेक्षा वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात मातीचा भराव होता आणि तो त्यावर उभा होता. सर्वांत चांगली जागा सापडल्यावर पहिली गोष्ट तिच्यावर नाव कोरण्याची! त्यानंतर चित्रांच्या प्रती काढण्याचे प्रयत्न झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. प्रती जळाल्या, मूळ चित्रे लेण्यांत राहिली, आणि त्यांना आता धोका आहे तो पाहणाऱ्यांच्या श्वासाचा. बंद दालनात माणसे वाढली की दमटपणा आणि उष्णता वाढते, आणि मातीच्या गिलाव्यावरचे रंग सुटू लागतात. म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात, प्रकाश मंद ठेवतात, फ्लॅश चालत नाही. गाड्या फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते.

संयोजक: लोकांना हे सांगितले तर पटते. पण अंधारात पाच मिनिटे उभे राहून बाहेर आले की म्हणतात, काही दिसलेच नाही.

बाई: डोळे सरावायला वेळ लागतो. पाच मिनिटांत बाहेर काढणारा कोण?

संयोजक: मागची रांग, बाई.

हा पेच सोडवण्यासारखा नाही, फक्त वाटून घेण्यासारखा आहे. इतरत्रही तो तसाच आहे. ताजमहालात थांबण्याची वेळ तीन तासांवर आणली गेली. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावले. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ, एवढी माहिती नसल्याने फाटकावरून परत गेलेल्या कुटुंबांच्या लेखी ही दोन्ही ठिकाणे आयुष्यभर वाईट राहतात, तो भाग वेगळा.

खडतर आणि वाईट हा भेद एका ठिकाणी तोकडा पडतो. खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. गडावर जाणारी वाट वाडीतून जाई. पाणी, सावली, घटकाभर टेकायला अंगण यांमुळे गिरिभ्रमण करणाऱ्यांच्या आवडत्या वस्त्यांत तिची गणना होई. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरची दरड वस्तीवर आली. मृत आणि बेपत्ता मिळून ८० हून अधिक माणसे गेली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदतीला आलेल्यांना चिखलातून चढून जावे लागले, आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. रस्ता नाही म्हणून शांत, उतार आहे म्हणून देखणी: पाहुण्यांनी ज्या दोन गोष्टींसाठी ही वाडी चांगली ठरवली, त्याच तिथल्या रहिवाशांना महागात पडल्या. कोणी तिची हेळसांड करून ती ‘वाईट’ केली असेही म्हणता येत नाही आणि ती निव्वळ खडतर होती असे म्हणून मोकळेही होता येत नाही. पाहुणा जागेला गुण देतो तेव्हा रहिवाशाचा गुणतक्ता त्याच्यासमोर नसतो.

रहिवाशाचा हाच प्रश्न माथेरानात अधिक नित्याच्या रूपात उभा राहतो, आणि तिथे बाई व संयोजक यांचे मत पुरते फाटते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये या डोंगरावर चढले आणि पुढे तिथे गाव वसले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी नेरळ–माथेरान रेल्वे सुरू झाली. माथेरानचा खरा गुण मात्र एका मनाईत आहे: दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाल्यावर ती मनाई आणखी पक्की झाली. लाल मातीच्या वाटा, दाट झाडी, मोटारीचा आवाज नाही. बाईंच्या यादीत हे ठिकाण फार वर आहे.

संयोजक: दस्तुरीवरून बाजारापर्यंत तुम्ही चालत जाता. ज्यांना चालवत नाही ते काय करतात? माणूस ओढतो ती रिक्षा. एक पुढे जुंपलेला, बाकीचे मागून ढकलणारे, वर एखादे वजनदार कुटुंब, आणि रस्ता चढाचा. तुमची शांतता त्याच्या धापेवर उभी आहे.

बाई: मी कधी बसले नाही त्यात.

संयोजक: तुमच्या सामानाची पिशवी कोणी आणली?

बाईंकडे याला उत्तर नाही, तरी त्यांची भीती निराधार नाही. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताने ओढायच्या रिक्षांची प्रथा अमानवी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले, आणि ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षा देऊन करावे असा मार्ग सुचवला. ई-रिक्षा म्हटली की सपाट रस्ता आला, सपाट रस्ता म्हटले की मातीच्या जागी ब्लॉक आले. ब्लॉकवर घोड्यांचे पाय घसरतात आणि पाणी मुरत नाही, हा आक्षेप गावात आधीपासून होता. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवायला परवानगी दिली, मात्र सिमेंट काँक्रीटचा थर न घालता, आणि आतल्या वाटांवर ते नकोत असे सांगितले.

बाईंच्या मते एकदा चाक आत आले की मनाईला भोक पडते. आज रिक्षा आहे, उद्या हॉटेलवाल्यांचा टेंपो मागितला जाईल. संयोजकाच्या मते माणसाने माणूस ओढणे थांबत असेल तर बाजारापर्यंतचा लाल रस्ता गेला तरी चालेल. मात्र ई-रिक्षाचे परवाने जुन्या ओढणाऱ्यांच्याच हाती पडले, बाहेरच्या भांडवलवाल्याच्या नव्हे, तरच तो माथेरानला आपल्या यादीत वर घेणार आहे. बाईंनी ते आधीच वर घेतलेले आहे, पण आतल्या वाटांपुरते. दस्तुरी ते पुतळा हा टप्पा त्यांनी त्यातून वगळला आहे.